लग्नाच्या दिवशीच एडिटिंग करायचं तर लॅपटॉपला हार्ड डिस्क ५४०० ची चालेल का ७२०० चीच लागेल?

बिंदुसराकाठ

नमस्कार मंडळी. मी बीडची. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं शूट करतो. सहा वर्षं झाली. आजवर एडिटिंग घरी निवांत व्हायचं, महिन्याभरात पेनड्राइव्ह दिला की झालं. या सीझनला मात्र सगळे एकच मागायलेत : सकाळी लग्न, आणि संध्याकाळी रिसेप्शनला मोठ्या स्क्रीनवर त्याच लग्नाचा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ. म्हणजे एडिटिंग मंगल कार्यालयातल्या सामानाच्या खोलीत, नाहीतर गाडीच्या मागच्या सीटवर.

लॅपटॉप आय-५, आठव्या पिढीचा. ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ५४०० आरपीएम. कॅमेरे दोन, दोन्ही ४के, १०० एमबीपीएसवर शूट करतो. शिवाय भावाचा मोबाईल असतोच. टाइमलाइनवर दोन अँगल एकावर एक लावले की चित्र थिजतं आणि आवाज पुढे निघून जातो. मागच्या महिन्यात गेवराईला प्रोजेक्ट नुसतं उघडायलाच सात मिनिटं लागली. बाहेर वरात दारात आलेली आणि मी त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडं बघत बसलेली.

दुकानदार म्हणतो, ७२०० ची डिस्क टाका, स्पीड डबल होईल. बजेट आठ हजार. नवा लॅपटॉप यंदा शक्य नाही. काय करू?

जलद_गती

एसएसडी घ्या, चकती नसलेली, चिपवाली. विषय संपला.

तेरणाकाठ

विषय संपत नसतो हो. ताईंकडं अख्ख्या सीझनचा डेटा असेल, तो ठेवायचा कुठं? आठ हजारात मोठी एसएसडी येत नाही.

खाम_नदी

मी संभाजीनगरला लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो 'डबल' शब्द बाजूला काढू. ५४०० म्हणजे चकती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, सेकंदाला ९०. ७२०० ची सेकंदाला १२०. म्हणजे वाढ एक तृतीयांश. दुप्पट कुठूनच होत नाही.

आता काम कसं चालतं ते बघा. डिस्कवर पाहिजे ती जागा सापडायला दोन गोष्टी व्हाव्या लागतात. आधी आतला हात त्या पट्ट्यावर सरकतो, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्याला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. मग चकती फिरून ती जागा हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. ५४०० ला हा अर्धा फेरा साडेपाच मिलिसेकंदांचा, ७२०० ला चारच्या थोडा वर. बेरीज केली तर एकीकडं साडेसतरा, दुसरीकडं सोळा. म्हणजे ५४०० ची डिस्क सेकंदाला ५७ ठिकाणी जाऊन येते आणि ७२०० ची ६२ ठिकाणी. हा फरक आहे. एसएसडीत हात नाही, चकती नाही, ती एका सेकंदात हजारो ठिकाणांहून माहिती उचलते.

तुमच्या व्हिडिओचा हिशोब. १०० एमबीपीएस हे मेगाबिट झाले. आठने भागा, सेकंदाला साडेबारा एमबी. दोन कॅमेऱ्यांचे २५. तुमची ५४०० ची डिस्क सलग वाचायला लावली तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. भरत आली की आतल्या पट्ट्यांवर वेग निम्म्यापर्यंत उतरतो, तरी ५० राहतात. म्हणजे कागदावर तुमच्या कामाला ५४०० सुद्धा पुरते.

मग अडकतं का? कारण सलग वाचायला तिला कोणी देतच नाही. बीडहून संभाजीनगरला विनाथांबा एसटी आणि गढी, गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ असं प्रत्येक ठिकाणी थांबणारी एसटी, दोन्हींचं इंजिन एकच असतं. तुमच्या डिस्कला पहिल्या कॅमेऱ्याची फाईल, दुसऱ्याची फाईल, प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची कॅशे (तात्पुरत्या फाईली), विंडोज, अँटिव्हायरस असे सगळे थांबे घ्यावे लागतात. ७२०० टाकली तर इंजिन थोडं दमदार होईल, थांबे तेवढेच राहतील.

एक काम करा. दोन अँगल लावून प्ले करा आणि टास्क मॅनेजर उघडून सांगा : सीपीयू किती, मेमरी किती, डिस्क किती टक्के, आणि डिस्कचा एमबीमधला वेग किती.

जलद_गती

एवढं सगळं लिहून उत्तर शेवटी तेच ना, एसएसडी. घ्यायचीच तर एनव्हीएमई, म्हणजे सगळ्यात वेगवान प्रकारची घ्या, सेकंदाला ७००० एमबीवाली.

खाम_नदी

@जलद_गती, सात हजारवाली पीसीआयई (लॅपटॉपच्या आतला जोडणीचा मार्ग) चौथ्या पिढीची. ताईंच्या लॅपटॉपला तिसरी पिढी आहे, तिथं ती साडेतीन हजारांवर अडते. आणि त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत एम.२ चा स्लॉट (एसएसडीचं कार्ड बसवायची जागा) फक्त सॅटाच, म्हणजे जुनी, हळू जोडणीच घेतो. तिथं एनव्हीएमई कार्ड एकतर बसणारच नाही, नाहीतर बसेल पण दिसणार नाही. सॅटाची मर्यादा साडेपाचशे एमबी. ज्यांना २५ एमबी लागतात त्यांना साडेपाचशे कमी पडत नाहीत. उरलेले पैसे रॅमला लावलेले बरे.

टेपवाले_काका

लातूर. १९९६ पासून या धंद्यात आहे. ७२०० चा सल्ला आला कुठून ते इथं कुणाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. तो सल्ला खोटा नव्हता.

मिनीडीव्ही कॅसेटचा जमाना. कॅमेऱ्यातून फायरवायरच्या वायरीने लॅपटॉपमध्ये कॅप्चर करायचं. डीव्ही म्हणजे सेकंदाला ३.६ एमबी, तासाला १३ जीबी. आजच्या मानानं काहीच नाही. पण कॅसेट थांबत नाही ना! एक तासाची कॅसेट एक तासच चालणार, आणि त्या तासात डिस्कने एकदा जरी श्वास घेतला की फ्रेम गेली. मग कॅसेट मागे घ्या, पुन्हा सुरू. माझ्या पहिल्या लॅपटॉपची डिस्क ४२०० ची होती. कॅप्चर लावलं की मी घरात कुणाला लॅपटॉपला हात लावू देत नसे, माउससुद्धा हलवायचा नाही. तेव्हा २००३ साली हिताचीने लॅपटॉपसाठी ७२०० ची पहिली डिस्क काढली, ६० जीबीची. ती हाती आली आणि फ्रेम जाणं बंद झालं. तेव्हापासून आम्ही सगळे पोरांना एकच सांगत आलो, एडिटिंग करायचं तर ७२०० च घ्या.

आता कॅसेट राहिली नाही. कार्डावरची फाईल कॉपी होताना डिस्क अडली तर फाईलचं काही बिघडत नाही, वेळ तेवढा जातो. त्यामुळं खाम_नदी म्हणतात ते मला पटतं. पण ७२०० ला नुसती नावं ठेवू नका, तिनं आमची पोटं भरलीत.

चिन्मयी_परभणीकर

काका, फार छान लिहिलंत. कॅसेटचं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी माहितीपट संकलित करते. पुण्यात राहते, पण काम निम्मं मराठवाड्यातच असतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी तिथं तीन आठवडे होते. लॅपटॉपला ७२०० ची डिस्क, बाहेरून जोडलेली दुसरी ५४०० ची. दिवसभर टँकरच्या रांगा शूट करायच्या आणि रात्री लॉजवर कच्चं संकलन. तेही जमायचं, ते प्रॉक्सीमुळं.

@बिंदुसराकाठ, प्रॉक्सी म्हणजे मूळ ४के फाईलची लहान, हलकी प्रत. कापाकापी सगळी प्रतीवर करायची, शेवटी एक्स्पोर्टला सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाईल घेतं. प्रीमियरमध्ये आणि दाविंची रिझॉल्व्हमध्ये दोन्हीकडं ही सोय आहे. मात्र लॅपटॉपवर प्रॉक्सी बनवायला वेळ लागतो आणि लग्नाच्या दिवशी तो नसतो. म्हणून तुमच्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत बघा, प्रॉक्सी रेकॉर्डिंग नावाचा पर्याय असेल. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो. तो चालू केला की शूट होतानाच लहान प्रत त्याच कार्डावर तयार होते. मग तुमचे २५ एमबी दोन-तीन एमबीवर येतात आणि ५४०० ची डिस्कसुद्धा गपगुमान चालते. यात एक पैसा जात नाही, आधी हे करून बघा.

डिस्क हवी तितकी वेगवान घ्या, एच.२६४ आणि एच.२६५ च्या फाईली उलगडण्याचं काम प्रोसेसरचंच राहतं. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण नसतात, आजूबाजूच्या फ्रेमवरून त्या जुळवाव्या लागतात. मागं-पुढं सरकताना जो झटका बसतो त्यातला बराचसा तिथला असतो. याउलट प्रोरेससारखा प्रकार प्रोसेसरला हलका पण डिस्कला जड : ४के, २५ फ्रेमचा प्रोरेस ४२२ सेकंदाला ६० एमबी मागतो. आपण नेमकं काय शूट करतो हे कळल्याशिवाय डिस्कचा आकडा सांगताच येत नाही.

बिंदुसराकाठ

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार.

@खाम_नदी, आत्ताच बघितलं. दोन अँगल लावले : डिस्क १००%, पण वेग नुसता ४-५ एमबी. मेमरी ९३%. सीपीयू ६०-७०%. भावाच्या मोबाईलची क्लिप लावली की सीपीयू पण १००.

डिस्क १०० टक्के आणि वेग पाच एमबी, हे कसं काय?

खाम_नदी

हेच ते थांबे. डिस्कचा सगळा वेळ हात हलवण्यात चाललाय, वाचण्यात नाही.

आणि मेमरी ९३%, म्हणजे रॅम भरली. रॅममध्ये मावत नाही ते विंडोज डिस्कवर टाकतं आणि लागलं की परत आणतं. त्याच डिस्कवरून व्हिडिओ वाचायचा, त्याच डिस्कवर रॅमचं ओझं. अशी डिस्क ७२०० ची काय, दहा हजारांची असती तरी दमली असती.

क्रम असा लावा. पहिलं, विंडोज, प्रीमियर, कॅशे आणि चालू लग्नाचा डेटा एसएसडीवर. दुसरं, रॅम १६. तिसरं, आहे ती १ टीबी हार्ड डिस्क फेकू नका, झालेली कामं ठेवायला तीच वापरा. लॅपटॉपचं मॉडेल मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, स्लॉट आहे का ते बघून सांगतो.

मोसंबीचा_मळा

जालना. मी शेतीचे व्हिडिओ टाकतो, मोसंबीची छाटणी, ठिबक, फवारणी असं सगळं. मी लॅपटॉप घेतलाच नाही भौ, बांधावर बसून मोबाईलवरच एडिट करू राहिलो दोन वर्षं झाली. ताईंनी पण करून पाहावं. पाच मिनिटांच्या व्हिडिओला मोबाईल कमी नाही.

बिंदुसराकाठ

@मोसंबीचा_मळा, दादा तुमचे व्हिडिओ आमच्या घरी बघतात! पण दोन कॅमेऱ्यांच्या १२८ जीबीच्या कार्डांतून मंगळसूत्राचा तो एक शॉट शोधायचा तर मोबाईलच्या स्क्रीनवर डोळे दुखतात. आणि मोबाईल शूटिंगला लागतोच.

गोदातीर

नांदेडहून. कार्डाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, संध्याकाळच्या व्हिडिओत निम्मा वेळ कॉपी करण्यातच जातो. १२८ जीबीचं कार्ड सेकंदाला ९० एमबीने उतरलं तर २४ मिनिटं. तेच कार्ड जुन्या यूएसबी २ च्या रीडरमध्ये घातलं तर वेग ३५ वर, म्हणजे तासाच्या वर. माझा भाचा वर्षभर लॅपटॉपला शिव्या घालत होता, नंतर कळलं की रीडर काळ्या पोर्टमध्ये लावायचा. शेजारीच निळा, यूएसबी ३ चा वेगवान पोर्ट मोकळा होता.

माळेगावच्या यात्रेत मी छोटी छोटी कार्डं वापरतो, ३२ ची. एक भरलं की कॉपीला लावायचं, तोवर दुसऱ्यावर शूट. दिवस संपतो तेव्हा कॉपी झालेली असते.

तेरणाकाठ

आता माझं ऐका, कारण वेगापेक्षा मला याची धास्ती जास्त आहे.

तीन वर्षांपूर्वीचं. कळंबच्या बाजूला लग्न. मांडवातच कडेला टेबल टाकून मी कार्डं उतरवून घेत होतो. चालू लॅपटॉप, आत हार्ड डिस्क, ७२०० ची. वाढपी पोरगं भाताचं पातेलं घेऊन पळत आलं, टेबलाला धडकलं. लॅपटॉप पडला नाही. नुसता वीतभर सरकला आणि पलीकडच्या पाट्याला आपटला. तळहात लॅपटॉपवरच होता माझा. हाताखाली टक्... टक्... टक्... असं जाणवलं, दर सेकंदाला एक. आवाज ऐकू येत नव्हता, सनई चालू होती. पण हाताला कळलं.

घाईत कार्ड आधीच फॉरमॅट करून कॅमेऱ्यात परत घातलेलं, त्यावर जेवणावळ शूट होत होती. पुढं पुण्याहून डेटा काढून आणला. हळद आली, वरात आली, सप्तपदी आली. मंगलाष्टकं गेली. नवरीच्या वडिलांना फोन करायला मला दोन दिवस लागले. ते काही बोलले नाहीत, नुसतं 'बरं' म्हणाले. आजही त्या रस्त्यानं जाताना त्यांचं घर आलं की मी गाडीचा वेग वाढवतो.

चालू हार्ड डिस्कमध्ये हात आणि चकती यांच्यात केसाहूनही कितीतरी कमी अंतर असतं, आणि चकती फिरत असते. घरी टेबलावर ठीक आहे. मांडवात, गाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नको. ताई, तुम्ही एसएसडी वेगासाठी घेऊ नका, धक्क्यासाठी घ्या. आणि दुसऱ्या जागी प्रत गेल्याशिवाय कार्ड पुसू नका. पाया पडून सांगतो.

चिन्मयी_परभणीकर

वाचून पोटात कालवलं. लिहिलंत ते बरं केलंत.

शिवना_टाकळी

दणक्यावरून आठवलं. डीजेच्या भिंतीजवळ लॅपटॉप ठेवला की माझा हमखास हळू व्हायचा. मला वाटायचं उन्हानं होतंय. असं असतं का?

खाम_नदी

असतं, अगदी असतं. हार्ड डिस्कला थरथर चालत नाही. हात पट्ट्यावरून हलला की तिला पुन्हा नेम धरावा लागतो, वेग पडतो. २००८ मध्ये ब्रेंडन ग्रेग नावाच्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यानं सर्व्हरच्या डिस्कांसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं होतं. त्याच क्षणी डिस्कांचा प्रतिसादाचा वेळ वाढलेला आलेखावर दिसतो.

आणखी एक. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये जुनी हकिकत लिहिली. विंडोज एक्सपीच्या काळात एक गाजलेलं गाणं वाजवलं की काही लॅपटॉप बंद पडायचे. शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही पडायचा! गाण्यातला एक सूर ५४०० च्या त्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. मग कंपनीनं आवाजातून तो सूर गाळून टाकला.

गोदातीर

म्हणजे डीजेवाल्याला सांगायला आता कारण मिळालं : 'दादा, बेस कमी कर, नवरीचा व्हिडिओ अडकायलाय.' 😄

मोसंबीचा_मळा

😄 हे तर आमच्या गावात बोर्डावर लिहून लावतो.

टेपवाले_काका

ऊन निघालं म्हणून विचारतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं ४३-४४ च्या वर पारा जातो. एसएसडी टिकते का त्यात? आमच्याकडं एकजण म्हणत होता की उन्हानं त्यातला डेटा उडतो.

खाम_नदी

काका, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

चालू असताना : लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर बहुधा ६० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, एसएसडीवर ७० ची. सावलीत ४४ ला दोन्ही चालतात. एनव्हीएमई फार तापली तर स्वतःच वेग कमी करते, जळत नाही. पण काचा बंद केलेल्या गाडीत, उन्हात, कुठलीच ठेवू नका.

बंद असताना : इथं त्या माणसाच्या बोलण्यात तथ्य आहे. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठलेली असते आणि तो भार हळूहळू गळतो. उष्णता जास्त तेवढी गळती जास्त. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक असं की साध्या एसएसडीचं लिहिण्याचं आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावर ती ३० अंशांत वीज न देता ठेवली तर एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. नवी असेल तर त्याहून पुष्कळ जास्त टिकतो. तरी पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात लग्नं भरून एसएसडी चार वर्षं ठेवून देणं मला मान्य नाही. साठवणीला हार्ड डिस्कच, आणि तिथं ५४०० उत्तम : कमी तापते, कमी थरथरते, स्वस्त पडते. सहा महिन्यांतून एकदा जोडून चार फाईली उघडून बघायच्या.

टेपवाले_काका

हे पटलं. माझ्याकडं २००९ ची डिस्क अजून चालू आहे. दर दिवाळीला जोडतो.

गोदातीर

खरेदी करताना दोन गोष्टींना जपा. एक, मी शहरातल्या एका दुकानातून 'नवी' म्हणून ७२०० ची डिस्क घेतली. घरी क्रिस्टलडिस्कइन्फोत बघितलं तर १९ हजार तास चाललेली. दोन वर्षांहून जास्त अखंड फिरलेली! परत केली, पण हेलपाटे चार झाले. डिस्क घेतली की दुकानातच हे सॉफ्टवेअर लावून तास बघा. त्यातच ०५ आणि सी५ या ओळी (खराब झालेल्या आणि संशयित जागांच्या) असतात, तिथं शून्य सोडून काहीही असलं तर हात लावू नका.

दोन, ऑनलाइन फार स्वस्त '१६ टीबी पोर्टेबल एसएसडी' दिसते ती घेऊ नका. आत छोटं मेमरी कार्ड असतं, विंडोजला आकडा खोटा दाखवतात. भरत गेलं की जुन्या फाईली बिघडतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण भरून तपासतं.

जलद_गती

मी सुरुवातीला एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो होतो. माझ्या स्वतःच्याच एसएसडीबद्दल एक सांगतो, ताईंना उपयोग होईल. स्वस्तातली क्यूएलसी प्रकारची घेतली होती. सुरुवातीचे काही जीबी भन्नाट वेगानं जातात, आणि मग आतली जलद जागा भरली की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली येतो. १०० जीबीचं लग्न एका दमात उतरवताना हे फार जाणवतं. टीएलसी लिहिलेली घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. आणि पूर्ण भरू नका, पाचवा हिस्सा रिकामा ठेवा.

बिंदुसराकाठ

मंडळी, बारा दिवसांनी येतेय, माफ करा. मध्ये तीन लग्नं झाली.

खाम_नदी दादांनी सांगितल्याप्रमाणे लॅपटॉपचं मागचं झाकण भावानं उघडलं. चौदा स्क्रू. बॅटरीच्या शेजारी एम.२ चा स्लॉट अख्खा रिकामा, सहा वर्षं त्यावर नुसती धूळ! दादांनी मॉडेलवरून सांगितलं की त्यात फक्त सॅटा चालतं. दुकानदार एक खाच असलेलं, म्हणजे एनव्हीएमईचं कार्ड देत होता, मी दोन खाचांचं, सॅटाचं मागून घेतलं. ५०० जीबी, टीएलसी. रॅम भावाच्या मित्राच्या बंद लॅपटॉपमधून ८ ची मिळाली, आता १६ झाली. आठ हजारांतले पैसे उरले, त्यातून यूएसबी ३ चा रीडर आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क.

सात मिनिटांत उघडणारं गेवराईचं तेच प्रोजेक्ट ४० सेकंदांत उघडलं. मी दोनदा बंद करून उघडून बघितलं, विश्वास बसेना.

चिन्मयीताईंचा प्रॉक्सीचा पर्याय कॅमेऱ्याच्या मेन्यूत होता. एकाच कॅमेऱ्यात, दुसऱ्यात नाही. तेवढाही पुरला.

काल माजलगावला लग्न. अक्षता साडेबाराला. पहिलं कार्ड उतरतानाच मी हळदीचं कापायला बसले. जेवणाची पंगत उठेपर्यंत कच्चं जोडून झालं, साडेपाचला एक्स्पोर्ट, सातला स्क्रीनवर. नवरदेवाच्या आत्याबाई पुढं येऊन म्हणाल्या, 'आगं बाई, हे तर सकाळचंच हाय की!' आणि कार्ड एकही पुसलं नाही, तेरणाकाठ दादा. एसएसडीवर एक प्रत, बाहेरच्या डिस्कवर एक, कार्डं भावाच्या खिशात.

एक राहिलं. मोबाईलची क्लिप अजून त्रास देते. अडकत नाही आता, पण शेवटी शेवटी आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

चिन्मयी_परभणीकर

अभिनंदन! सातला स्क्रीनवर, वा!

मोबाईलचा दोष डिस्कचा नाही. मोबाईल एका सेकंदात कधी ३० फ्रेम घेतो, कधी २८, उजेडाप्रमाणे बदलत जातो. एडिटिंगला ठराविक संख्या लागते. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून क्लिप आधी बदलून घ्या, मग टाइमलाइनवर लावा. नाहीतर मोबाईलच्या क्लिपा छोट्या घ्या, वीस-तीस सेकंदांच्या. तेवढ्यात फरक दिसत नाही.

तेरणाकाठ

कार्डं भावाच्या खिशात. बस, मला एवढंच वाचायचं होतं.

कयाधूकाठ

हिंगोली. धागा पूर्ण वाचला, नोंदी काढल्या. माझा लॅपटॉप अजून जुना आहे, त्याला एम.२ स्लॉटच नाही. डीव्हीडी ड्राइव्ह मात्र आहे. मग मी ७२०० च घ्यावी का?

खाम_नदी

नाही दादा. डीव्हीडी काढून त्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसते, दोन-चारशे रुपयांना मिळते. घेण्याआधी ड्राइव्हची जाडी पट्टीनं मोजा, साडेनऊ मिलिमीटर असते किंवा पावणेतेरा. नवी एसएसडी अडीच इंचाची सॅटा घ्या आणि ती हार्ड डिस्कच्या मूळ जागी लावा. जुनी हार्ड डिस्क कॅडीत. उलटं करू नका, काही लॅपटॉपांत डीव्हीडीच्या जोडणीचा वेग कमी असतो. आणि गाडीत काम करताना कॅडीतल्या डिस्कवरची कुठलीही फाईल उघडू नका, म्हणजे ती झोपून राहील. मापं इथंच टाका, मी बघतो.